खडकीचं काडतूस आणि दिल्लीची ऑर्डर

पुण्याजवळच्या खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीत तयार झालेल्या काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं आणि सालाचे आकडे ठोकलेले असतात. दोन्ही महायुद्धं, १९४७-४८ चं काश्मीर, १९६२, १९६५, १९७१, या प्रत्येक लढाईत ही अक्षरं जवानाच्या पट्ट्यात होती. कारखाना १८६९ चा. 'केसरी' निघायला बारा वर्षं अवकाश होता, फर्ग्युसन कॉलेजचा पत्ता नव्हता, तेव्हापासून मुळेच्या काठी काडतुसं बनताहेत.

मी या कारखान्यात मशिनिस्ट म्हणून लागलो आणि चार्जमन म्हणून निवृत्त झालो. वडील शेजारच्या हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरीत, म्हणजे आमच्या भाषेत 'एचई'त, डेंजर बिल्डिंग वर्कर होते. त्यामुळे संरक्षण उत्पादनातल्या स्वावलंबनावर टीव्हीवर वाद रंगतो तेव्हा मला स्वस्थ बसवत नाही. एक बाजू म्हणते, सरकारी कारखाने म्हणजे पोसलेले पांढरे हत्ती. दुसरी म्हणते, देशाची सुरक्षा शेठजींच्या गल्ल्यात टाकू नका. खडकीचा दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर दिसतं, की मालक कोण या भांडणात एक प्रश्न दर वेळी मागे पडला. लढाई नसते तेव्हा या कारखान्याला काम कोण देणार? आणि काम नसेल तर शिकलेला हात टिकायचा कसा?

दारूगोळा घडवण्याची विद्या इंग्रजांनी आणली, हा समज आधी दूर केला पाहिजे. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. जुन्नरकडच्या आंबेगावला तोफेचे गोळे तयार होत. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना घातला आणि सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस त्यावर नेमला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा लागल्या, आणि त्या तोफांचं काम पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांची वाखाणणी केली. तोफा चांगल्याच होत्या. पण कवायती पलटणींवरचे कित्येक गोरे अधिकारी लढाईच्या तोंडावर शिंद्यांची चाकरी सोडून गेले होते. तोफा घडवायची विद्या घरात आली होती, पण त्या तोफांमागे उभं राहून हुकूम देणारी माणसं घरची तयार झाली नव्हती. आजच्या चर्चेत 'तंत्रज्ञान हस्तांतरण' हा शब्द ऐकला की मला असई आठवते.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्याच माळावर पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली. पुढे तिथे छावणी झाली आणि अर्ध्या शतकानंतर कारखाना. मुंबईच्या माझगावला ईस्ट इंडिया कंपनीचं बंदुकीच्या दारूचं काम चाले. दारूखाना ही वस्ती तिथे अजून आहे. दाट वस्तीत दारू ठेवणं धोक्याचं होतं. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली होती, त्यामुळे घाटावर कोरड्या हवेत, छावणीच्या संरक्षणात, बंदरापासून एका गाडीच्या अंतरावर कारखाना घालणं सोयीचं होतं. जागा नीट विचार करून निवडलेली होती.

विचार आणखी एका बाबतीत केलेला होता. १८५७ चा धडा घेऊन इंग्रजांनी डोंगरी तोफखान्याच्या मोजक्या तुकड्या वगळता तोफा हिंदी शिपायांच्या हातात ठेवल्या नाहीत. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने हत्यारांचा कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचंच काय, घडवायचंही नाही असं ठरलं. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. स्वदेशी दारूगोळ्यावरचा पहिला जाहीर वाद मी तोच मानतो. गावोगावच्या ज्या लोहारांच्या घरांत बंदुकीची नळी घडत होती ती घरं खुरपी आणि विळ्यांवर आली. त्यांच्यातल्या कुणाच्या नातवाला पुढे खडकीत मजुरी मिळाली असेल. पण ड्रॉइंग विलायतेहून यायचं, गेज विलायतेहून यायचं, आणि नव्या हत्याराचा विचार करायचा अधिकार कायम समुद्रापलीकडे राहायचा. हात इथला आणि डोकं तिथलं, अशी ही वाटणी होती. ती स्वातंत्र्यानंतरही फार काळ मोडली नाही, आणि स्वावलंबनाच्या वाटेतली ती सर्वांत मोठी धोंड ठरली.

काडतूस कसं होतं ते एकदा सांगतो, कारण त्यावर बोलणाऱ्या फार थोड्या लोकांनी ते होताना पाहिलंय. पितळेच्या पट्टीतून गोल चकती कापली जाते आणि दाबून तिचा उथळ पेला होतो, त्याला आम्ही कप म्हणतो. हा कप पंच आणि डायमधून ओढला की लांब होतो आणि त्याची भिंत पातळ होते. एका ओढीत पितळ कडक होतं; तसंच पुढे ओढलं तर ते फाटतं. म्हणून भट्टीत तापवायचं, ॲसिडमध्ये धुवायचं, पुन्हा ओढायचं. हे अनेकदा. मग तोंड कापून लांबी सारखी करायची, बूड ठोकून त्यावर अक्षरं उठवायची, मान आवळायची, तोंड पुन्हा हलकं तापवायचं. एवढं झालं की रिकामी नळी तयार झाली. त्यानंतर कॅप, दारू, गोळी. प्रत्येक टप्प्यावर गेज. 'गो' गेज आत गेलं पाहिजे, 'नो-गो' जाता कामा नये. नळीची भिंत एका बाजूला केसभर जाड राहिली तर बंदुकीच्या चेंबरमध्ये काडतूस अडकतं, आणि ते कुठे अडकेल? सियाचीनला अडकेल, उरीला अडकेल. ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या फोरमननी एक फुटलेली नळी प्रत्येकाच्या हातावर ठेवली होती. बोलले काहीच नाहीत. ती नळी सगळ्या बाकांवर फिरून परत येईपर्यंत थांबले आणि मग मशीन चालू करायला सांगितलं.

भट्टीतून आलेल्या पितळेचा रंग बघून ते बरोबर तापलंय की नाही हे सांगणारी माणसं आमच्याकडे होती. थर्मोकपल काय दाखवतंय ते नंतर बघायचे. अशी नजर यायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि मधली दोन वर्षं भट्टी बंद राहिली तर ती जाते. हे मी पाहिलेलं आहे.

दुसरं महायुद्ध आलं आणि इंग्रजांना एकदम हिंदुस्थानातल्या कारखान्यांची आठवण झाली. १९३८-३९ मध्ये चॅटफिल्ड समितीने कारखाने नवे करा, वाढवा असं सांगितलं. १९४० मध्ये खडकीतच एचई उभी राहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. हा माणूस जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी इथेच बनाव्यात म्हणून एकाच वेळी झगडत होता. मोटारीच्या कारखान्याला सरकारने युद्धाच्या काळात दाद दिली नाही. विमानाला दिली, कारण जपानचं संकट दिसू लागलं होतं. आणि १९४२ मध्ये सरकारने हा कारखाना आपल्या ताब्यात घेतला. मालकी खासगी की सरकारी हा वाद आपल्याकडे एकविसाव्या शतकात सुरू झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी वालचंदांचं चरित्र वाचावं. तेव्हाही निर्णय तत्त्वावर झाला नव्हता, गरजेवर झाला होता.

युद्धाच्या काळात दारूगोळ्याची आणखी एक वाट पुण्यात उघडली. २४ जानेवारी १९४३ ला लष्कर भागातल्या कॅपिटॉल थिएटरात इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्यांनी ठेवलेले बाँब फुटले. ते मिळवून देणारे भास्कर कर्णिक लष्कराच्या दारूगोळ्याच्या आस्थापनेतच नोकरीला होते. पकडल्यावर फरासखान्यात त्यांनी विष घेऊन प्राण दिला. सरकारची चाकरी करणाऱ्या माणसाला देश कशाला म्हणायचा हा प्रश्न त्या काळात पडत होता, आणि कर्णिकांनी त्याचं उत्तर जीव देऊन दिलं. आमच्या लहानपणी घरात त्यांचं नाव निघालं की वडील जेवताना हात थांबवत.

फाळणीत सगळ्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या भारताच्या वाट्याला आल्या, पाकिस्तानात एकही नव्हती. एप्रिल १९४८ च्या औद्योगिक धोरणात शस्त्रं आणि दारूगोळा ही केंद्र सरकारची मक्तेदारी ठरली. १९५६ च्या ठरावाने ती पक्की केली. त्यामागचं कारण आज लोक विसरलेत. नुकतीच फाळणीची कत्तल झाली होती. बंदुका बनवणारा खासगी कारखानदार उद्या कुणाला माल विकेल ही भीती पुस्तकी नव्हती.

पण मक्तेदारी दिली म्हणजे काम दिलं असं होत नाही. लढाई संपली, ऑर्डरी आटल्या, यंत्रं थांबली. पन्नाशीच्या दशकात कारखान्यांना नागरी वापराच्या वस्तू बनवायला लावलं. कृष्ण मेनन १९५७ ला संरक्षणमंत्री झाले, त्यांनी ही रिकामी ताकद वापरायची ठरवली. जबलपूरला १९५९ पासून शक्तिमान ट्रक जुळू लागले. बाकी ठिकाणी घरगुती वापराच्या जिनसा निघू लागल्या, आणि संसदेत मेनन यांच्यावर टीका झाली ती कॉफीच्या यंत्रांवरून. सैनिकाला बंदूक नाही आणि कारखाने कॉफीची यंत्रं बनवताहेत, असा तो हल्ला होता. १९६२ च्या थंडीत नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आपले जवान पहिल्या महायुद्धाच्या काळातली, एक गोळी झाडून बोल्ट ओढायची .३०३ रायफल घेऊन उभे होते, तेव्हा ही टीका देशाच्या काळजाला लागली. तिच्यात तथ्य होतं. पण ती अर्धी होती. कॉफीचं यंत्र बनवलं म्हणून रायफल राहिली नव्हती. नव्या रायफलीचा निर्णय आणि तिच्या ऑर्डरीचा पैसा वेळेवर आला नव्हता. रिकाम्या लेथवर कॉफीचं भांडं घडलं नसतं तर लेथ गंजला असता, एवढाच काय तो फरक.

याच काळात कामगार उभा राहिला, आणि खडकीला या इतिहासात स्वतःचा आवाज मिळाला. संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय फेडरेशनचं अध्यक्षपद एस. एम. जोशींकडे दीर्घकाळ होतं, आणि फेडरेशनची कचेरी आजही खडकीत त्यांच्याच नावाच्या इमारतीत आहे. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी पाच दिवस संप केला, त्याच्या कृती समितीच्या अग्रभागी एसेम होते. रेल्वे कामगारांकडून गोव्याचे पीटर अल्वारिस होते. महागाई भत्ता आणि किमान वेतन हे मागणं होतं. सरकारने अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम काढला, संप बेकायदा ठरवला, हजारो लोक पकडले. माझ्या वडिलांना तेव्हा नोकरीत नुकतंच कायम केलं होतं. आई सांगायची, त्या पाच दिवसांत घरात चूल पेटत होती पण कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

एसेमबद्दल एक गोष्ट मुद्दाम लिहिली पाहिजे. त्यांनी संप केला, पण दारूगोळा बनवणारा कामगार हा सैनिकाचा जोडीदार आहे, हे ते विसरू देत नसत, असं जुनी माणसं आवर्जून सांगायची. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. काही वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्रासाठी एसेमनी ज्यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं, तेच आता संरक्षणमंत्री झाले. खडकी तेव्हा दिवसरात्र चालू होती. वडील सांगायचे, ओव्हरटाइमचे तास कुणी मोजत नव्हतं.

चव्हाण आले त्याच महिन्यात संरक्षण उत्पादनाचा स्वतंत्र विभाग झाला. नव्या कारखान्यांसाठी सीमेपासून लांबची जमीन हवी होती, आणि महाराष्ट्राचा नकाशा बदलला. भुसावळला कारखाना होताच. शेजारी वरणगाव आलं. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, नागपूरला अंबाझरी, भद्रावतीजवळ चांदा. अंबरनाथचे दोन, खडकीचे दोन आणि पुढे १९८४ चा देहूरोड धरला, तर देशातल्या ४१ पैकी दहा कारखाने एकट्या महाराष्ट्रात. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांसाठी १९६४ मध्ये कारखाना निघाला, माझगावच्या गोदीत बांधलेली 'नीलगिरी' १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. १९७१ ला जे जमलं त्याची पेरणी या सात-आठ वर्षांत झाली. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या संरक्षण उत्पादनातला सर्वांत सलग कालखंड हाच. पैसा होता, ऑर्डर होती, घाई होती, आणि मुख्य म्हणजे तिन्ही एकाच वेळी होती.

पुण्यात आणखी एक गोष्ट घडत होती, तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची प्रयोगशाळा उभी राहत होती, स्फोटकांची प्रयोगशाळाही याच परिसरात आली. म्हणजे तुटलेलं डोकं आणि हात पुन्हा एका गावात आणायची सोय झाली होती. पाषाणहून खडकी सायकलच्या अंतरावर. पण प्रयोगशाळा एका खात्याची, कारखाना दुसऱ्या खात्याचा, तपासणी तिसऱ्याची आणि वापरणार लष्कर. ड्रॉइंगमधली एक मापाची अडचण सोडवायला कागद पुण्याहून पुण्यालाच, पण दिल्ली-कोलकात्यावरून फिरून यायचा. मी स्वतः अशा कागदांची वाट पाहत मशीन उभं ठेवलेलं आहे.

बोफोर्सचा करार २४ मार्च १९८६ चा. ४१० तोफा, आणि त्यांच्यासोबत इथे तोफ बनवण्याचं तंत्रज्ञानही. वाद पेटला तो दलालीचा. त्या धुरळ्यात तंत्रज्ञानाचे कागद पेट्यांत पडून राहिले. त्यांतून पुढे जबलपूरला 'धनुष' तोफ झाली, आणि ती लष्कराच्या हाती पडायला एप्रिल २०१९ उजाडलं. मधल्या काळात कारगिल झालं. जे आहे त्यानिशी लढू, असं तेव्हाच्या लष्करप्रमुखांना सांगावं लागलं. कारगिलच्या उन्हाळ्यात खडकीतल्या पाळ्या पुन्हा चोवीस तासांच्या झाल्या, आणि दोन वर्षांत पुन्हा सेक्शनमध्ये 'लोड नाही' हे शब्द ऐकू येऊ लागले.

मे २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी कंपन्यांना खुलं झालं. २००५ मध्ये विजय केळकर समितीने दोन गोष्टी सुचवल्या : ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं महामंडळ करा, आणि निवडक खासगी कंपन्यांना 'रक्षा उद्योग रत्न' ठरवून सरकारी कंपन्यांच्या बरोबरीने वागवा. दोन्हीला कामगार संघटनांनी विरोध केला, दोन्ही तेव्हा कागदावर राहिल्या. मी युनियनचा माणूस. तरीही लिहितो, की केळकरांचं निदान चुकीचं नव्हतं. कारखान्याच्या जनरल मॅनेजरला एक नवं मशीन घ्यायला जी परवानग्यांची माळ ओढावी लागे, तिला कुणी स्वायत्तता म्हणणार नाही. लष्कराची दर्जाबद्दलची तक्रारही खोटी नव्हती. सदोष दारूगोळ्याने तोफेजवळचा जवान जखमी झाला तर त्याच्यासमोर उभं राहून आम्ही चारशे कारणं सांगू शकत नाही. युनियनच्या सभांत पगार आणि बढतीवर तासन्‌तास चर्चा व्हायची. नाकारलेल्या लॉटवर क्वचित. ते चुकलं.

पण दुसऱ्या बाजूचा हिशेबही पुरा मांडावा लागेल. दारूगोळ्याचा कारखाना लढाईच्या दिवसाच्या मापाने बांधलेला असतो. शांततेत त्याची निम्मी यंत्रं रिकामी राहणार, हे बांधणाऱ्यालाच माहीत असतं. त्या रिकाम्या यंत्रांचा, इमारतींचा, राखणदारीचा खर्च उरलेल्या काडतुसांवर चढवला, की प्रत्येक काडतूस महाग दिसतं. मग महाग म्हणून ऑर्डर कमी, ऑर्डर कमी म्हणून आणखी महाग. २०१७ पासून गणवेश, बूट, तंबू यांसारखा माल लष्कराला बाहेरून घ्यायची मोकळीक मिळाली. ज्या कारखान्यांत हेच बनत होतं तिथल्या शिलाई मशीनवरच्या बायका-माणसांनी काय करायचं, याचं उत्तर त्या परिपत्रकात नव्हतं.

१६ मे २०२० ला, कोरोनाच्या टाळेबंदीत, आत्मनिर्भर भारताच्या घोषणांमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या महामंडळीकरणाची घोषणा झाली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये याच भीतीने संप झाला होता. त्या वेळची गोष्ट मला मोलाची वाटते. डाव्यांची फेडरेशन, काँग्रेसकडची आणि भारतीय मजदूर संघाची, तिन्ही एकाच गेटवर एका घोषणेत होत्या. निवडणुकीत एकमेकांचे झेंडे न पाहणारी माणसं एका तंबूत चहा पीत होती. ३० जून २०२१ ला अत्यावश्यक संरक्षण सेवांचा वटहुकूम निघाला आणि संपावर बंदी आली. एकसष्ट वर्षांपूर्वी एसेमवर जे हत्यार चाललं होतं, तेच पुन्हा बाहेर आलं. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ कारखाने आणि सत्तर हजारांहून अधिक माणसं सात कंपन्यांत वाटली गेली. दारूगोळ्याचे बारा कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले, तिचं मुख्यालय पुण्यात आलं. नागपूरला यंत्र इंडियाचं.

त्यानंतरचे आकडे चांगले आहेत, आणि ते चांगले आहेत असं म्हणायला मला अडचण वाटत नाही. २०२३-२४ मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन १.२७ लाख कोटींच्या घरात गेलं, निर्यात २१,०८३ कोटींची झाली. माझी नोकरी लागली तेव्हा आपला दारूगोळा परदेशी विकला जाईल असं कुणी म्हटलं असतं तर सेक्शनमध्ये कुणी मान वर केली नसती. खासगी हातांनीही काम करून दाखवलं. आपला जवान ज्या नमुन्याचा हातगोळा कमरेला लावून हिंडत होता तो पहिल्या महायुद्धातला. नवा हातगोळा चंदीगडच्या सरकारी प्रयोगशाळेने आखला, आणि ऑक्टोबर २०२० च्या कराराने दहा लाख नग नागपूरच्या खासगी कंपनीकडून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका रॉकेटांचे १०,१४७ कोटींचे करार झाले. त्यातला एक हिस्सा त्याच खासगी कंपनीला, दुसरा म्युनिशन्स इंडियाला. रॉकेटची आखणी पाषाणची. सरकारी की खासगी म्हणून घसे कोरडे करणाऱ्यांनी या करारांकडे नीट पाहावं. आखणी जवळ होती, काम दोघांना वाटून दिलं, आणि पुढची काही वर्षं दोघांनाही ऑर्डर आहे. हे जमतं. सलग ऑर्डर देणं १९६४ लाही जमलं होतं.

मला काळजी आहे ती वडिलांच्या कामाची, डेंजर बिल्डिंगची.

एचईच्या त्या इमारती साध्या दिसतात. चारही बाजूंनी मातीचे उंच बांध, वर हलकं छप्पर. स्फोट झालाच तर छप्पर उडावं आणि धक्का वर जावा, शेजारची इमारत वाचावी. आत एका वेळी किती माणसं आणि किती माल याचा आकडा दारावर लिहिलेला. दरवाज्याशी जमिनीवर एक आडवी पट्टी. पट्टीच्या बाहेर स्वतःचे कपडे, बूट, चाव्या, नाणी, काडेपेटी, अंगठी, सगळं काढायचं. आतले बूट वेगळे, तळाला खिळा नसलेले. पट्टीवर बसून एक पाय बाहेरचा बूट काढून आतल्या बुटात घालायचा, मग दुसरा. बाहेरचा धुळीचा कण आत जाता कामा नये. आत जाताना अंगातली स्थिर वीज जावी म्हणून तांब्याच्या पत्र्याला हात लावायचा. हत्यारं पितळेची, ठिणगी न पडणारी. वडील घरी आले तरी उंबऱ्याशी बसून चपला एकेक करून काढायचे. त्यांच्या बोटांची पेरं पिवळी असत, स्फोटकाच्या भुकटीने. साबणाने ती जात नसत. मंगळसूत्रालाही मज्जाव असलेल्या त्या इमारतीत ते कित्येक वर्षं गेले आणि रोज परत आले, कारण त्यांच्या शेजारी जो उभा होता तोही तितकीच वर्षं तेच करत होता. नव्या पोराने भांडं जरा जोरात ठेवलं तर जुना माणूस फक्त बघायचा. ते बघणं पुस्तकात लिहून देता येत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी स्फोटक कारखान्यात स्फोट झाला, नऊ माणसं गेली. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या सरकारी कारखान्यात झाला, आठ गेली. स्फोटाने मालक विचारला नाही. दोन्हीकडे गेलेल्यांत आसपासच्या गावांतली माणसं होती.

आता या कारखान्यांमध्ये डेंजर बिल्डिंगसाठी ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर माणसं घेतात. जाहिराती निघतात, ॲप्रेंटिस करून बाहेर पडलेली मुलं अर्ज भरतात, आणि भरतील नाही तर काय करतील. ऑर्डर असेपर्यंत ठेवायचं, नंतर सोडायचं, हा हिशेब वहीत स्वस्त दिसतो. जुन्या कामगारांना २०२१ मध्ये नव्या कंपन्यांकडे प्रतिनियुक्तीवर म्हणून दाखवलं, त्या मुदती वाढत गेल्या. ते एकेक करून निवृत्त होताहेत. बोपोडीच्या बाजारात परवा एक मुलगा भेटला. माझ्या जुन्या सहकाऱ्याचा नातू, फ्यूज भरायच्या सेक्शनला आहे. मी विचारलं, तुला कामावर कोण शिकवतं? म्हणाला, "काका, आमच्यातला सगळ्यात जुना दीड वर्षाचा आहे." त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय.